अंगठ्याखालची ओळ: ऑनलाइन गणितात शिक्षकाच्या वागण्याने काय बदलतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नववी-दहावीच्या ३८ मुलांना तुम्ही रोज संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवता. डिजिटल पेन आहे, फळा स्वच्छ दिसतो, प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग मुलांना मिळतं. तरीही सगळे कॅमेरे बंद, "समजलं का?" विचारलं की तीन-चार "येस मॅडम", आणि चाचणीत निम्मी मुलं शिकवलेल्याच उदाहरणात अडकलेली. तुमचे वरिष्ठ म्हणतात, धाक ठेवा. एका कार्यशाळेत सांगितलं गेलं की मुलांशी माणुसकीने वागा, बाकी सगळं आपोआप जमेल. तुम्ही विचारताय: वागण्याने खरंच गणित सुधारतं का, की ही नुसती बोलायची गोष्ट आहे?

सुधारतं. पण "प्रेमाने बोललं की मुलं खूश होतात आणि खूश मुलं शिकतात" एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण ते अर्धवट आहे आणि तेवढ्यावर विसंबलात तर तुमची निराशा होईल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत २२ वर्षं गणित शिकवते आहे. २०२० च्या उन्हाळ्यापासून ऑनलाइनही शिकवते, आणि शाळा उघडल्यावरही आठवड्यातून चार संध्याकाळी तो वर्ग चालू ठेवलाय. त्यात दहावीची मुलं आहेत आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसणारेही आहेत. जे लिहिते ते या वर्गातून आलेलं आहे.

आधी खरी अडचण काय आहे ते पाहू. शाळेच्या वर्गात मी उदाहरण दिलं की बाकांमधून फिरते. फिरताना माझं लक्ष उत्तरावर नसतंच, मधल्या ओळींवर असतं. चाळीस वह्यांवरून नजर फिरवायला चार मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात कळतं की सहा जणांनी कंस सोडवताना चिन्ह बदललेलं नाही, दोघांनी उदाहरण उतरवतानाच चूक केली आहे आणि खिडकीजवळची मुलगी पहिल्या ओळीवरच थांबली आहे. कुणी मला काही सांगितलेलं नसतं. मी फक्त बघितलेलं असतं. गणिताच्या शिक्षकाचं निम्मं काम या चार मिनिटांत होतं.

ऑनलाइन वर्गात ही चार मिनिटं नाहीत. तिथे मला मुलाची वही दिसत नाही. म्हणजे चूक मला सापडण्याची सोय नाही, मुलाने ती आपणहून दाखवावी लागते. आणि चौदा-पंधरा वर्षांचं मूल आपली चूक कुणाला दाखवतं? ज्याला दाखवल्यावर अपमान होणार नाही याची खात्री असते, त्यालाच. म्हणून शिक्षकाचं वागणं हा गोड बोलण्याचा प्रश्न उरत नाही. मुलाच्या वहीतली माहिती माझ्यापर्यंत पोचायची तीच एक वाट आहे. ती बंद झाली तर तुमचा डिजिटल पेन कितीही चांगला असला तरी तुम्ही अंधारात शिकवताय.

एक प्रसंग सांगते. दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू होती. उदाहरण असं: ३क्ष + २य = १२ आणि ३क्ष − य = ३. एकातून दुसरं वजा करायचं. एका मुलाने वहीचा फोटो पाठवला. खाली उत्तर क्ष = २, य = ३, अगदी बरोबर. पण फोटोत डाव्या बाजूने त्याचा अंगठा आलेला, आणि तो बरोबर वजाबाकीच्या ओळीवर. वही धरायला अंगठा लागतो, पण पानाच्या इतक्या आत नाही. शिवाय अंगठ्याच्या कडेने "= ९" एवढंच दिसत होतं, आणि त्याच्या खालच्या ओळीत एकदम य = ३. म्हणजे ३य = ९ लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर य = ९ आलं असणार आणि शेवटचं उत्तर मित्राकडून घेतलेलं.

पूर्वीची मी असते तर "अंगठा काढून परत फोटो पाठव" असं ग्रुपवरच लिहिलं असतं. आता त्याला वेगळा मेसेज केला: "उत्तर बरोबर आहे. मला तुझी मधली ओळ बघायची आहे. ती चुकलेली असेल तर जास्तच बघायची आहे, कारण तिथून मला कळेल की मी काय नीट शिकवलं नाही." दहा-बारा मिनिटं काही नाही. मग दुसरा फोटो आला, अंगठ्याशिवाय. २य − य = य, म्हणून य = ९. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "मॅडम इथं नेहमी चुकतं."

त्यातला "नेहमी" हा शब्द बघा. हा मुलगा सातवीपासून तिथेच चुकत आला होता आणि तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. उत्तरं कुठून तरी जुळवून तो पुढे सरकत होता. मी त्या दिवशी त्याच्यावर ओरडले असते तर पुढच्या वेळी फोटोत अंगठाही दिसला नसता, त्याने आधीच स्वच्छ उतरवून काढलेलं पान पाठवलं असतं.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये मी पहिली ऑनलाइन चाचणी घेतली आणि शाळेतल्या सवयीने सगळ्यांचे गुण ग्रुपवर टाकले. वर्गात आपण पेपर वाटताना गुण वाचतो, तसंच. एका मुलाला २० पैकी ३ होते. त्याच्या नावापुढे मी लिहिलं, "लक्ष कुठे असतं?" तासाभरात स्क्रीनवर ओळ आली की त्या नंबराने ग्रुप सोडला. मला राग आला. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा त्याच्या वडिलांनी उचलला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तो नंबर वडिलांचाच होता. घरात फोन एकच, तो दिवसा वडिलांबरोबर रानात. मी मुलासाठी लिहिलेलं वाक्य आधी वडिलांनी वाचलं, बांधावर, चार माणसांत. संध्याकाळी घरात काय झालं असेल ते मी विचारलं नाही. मुलगा दोन महिने वर्गात आला नाही. मी घरी जाऊन माफी मागितली तेव्हा आला.

वर्गात केलेला अपमान निदान वर्गापुरता असतो. ऑनलाइन केलेला अपमान लेखी असतो, घरी पोचतो आणि राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही २००९ मध्येच मनाई केली आहे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात त्या कलमाचा अर्थ "छडी नको" एवढाच आहे. ग्रुपवर लिहिलेलं एक वाक्य छडीपेक्षा जास्त दिवस दुखू शकतं. तुम्ही गुण ग्रुपवर टाकत असाल तर ते आजच थांबवा. माझ्या या सगळ्या उत्तरातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

आता "भीती आणि गणित" याबद्दल, कारण तुमच्या वरिष्ठांचा धाकाचा मुद्दा इथे तपासता येतो. २य − (−य) करताना मुलाला डोक्यात एकाच वेळी वरची ओळ, खालची ओळ आणि "चिन्ह बदलायचंय" ही आठवण धरून ठेवावी लागते. मानसशास्त्रात याला कार्यकारी स्मृती म्हणतात. मी मुलांना "मनातली कच्ची वही" म्हणते. या वहीला पानं फार थोडी असतात. मार्क अ‍ॅशक्राफ्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गणिताच्या भीतीवर बरंच काम केलंय. त्यातून दिसलं ते असं की भीती हीच पानं खाऊन टाकते. "आता मला विचारतील, माझं चुकेल, सगळे ऐकतील" हा विचारही त्याच कच्च्या वहीत लिहिला जातो. मग चिन्हाला जागा उरत नाही. म्हणजे घाबरलेल्या मुलाला येत असलेलं गणितही त्या क्षणी येत नाही. धाकाने पाठांतर होईल, गृहपाठ वेळेवर येईल (कुणाचा तरी उतरवून), पण बहुपायरी उदाहरण सुटणार नाही. इतिहासाच्या सनावळीत कदाचित भागेल. गणितात नाही.

चूक समोर आल्यावर काय करायचं, यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माणुसकीचं वागणं प्रत्यक्षात इथेच दिसतं. त्या अंगठ्याच्या मुलाला मी बरोबर पद्धत सांगितली नाही. मी विचारलं, "हे कसं केलंस ते मला सांग, मला तुझ्या डोक्यातून बघायचंय." तो म्हणाला, "वरच्यातून खालचं वजा करायचं. वर दोन य, खाली एक य. उरला एक." त्याने खालच्या य चं उणे पाहिलं होतं, पण "वजा करायचंय म्हणून ते उणे आहेच" असं त्याने धरलं होतं. दोन उणी त्याच्या मनात एकच झाली होती. हा निष्काळजीपणा नव्हता, त्यामागे विचार होता, फक्त चुकीचा. "चिन्हांकडे लक्ष दे" असं मी शंभरदा म्हटलं असतं तरी काही झालं नसतं, कारण तो लक्ष देतच होता.

मग मी गणित बाजूला ठेवलं. म्हटलं, "तुझ्याकडे १०० रुपये आहेत. दुकानात ४० रुपयांचा माल घेतलास. दुकानदार ओळखीचा, त्याने ५ रुपये सोडले. किती उरले?" लगेच म्हणाला, ६५. "आता हेच लिही." त्याने लिहिलं: १०० − (४० − ५). "कंस सोडव." त्याने लिहिलं १०० − ४० − ५, म्हणजे ५५. मग बराच वेळ शांतता. मी काही बोलले नाही. पलीकडून म्हैस ओरडल्याचा आवाज आला, कुणीतरी बादली ठेवली. मग तो म्हणाला, "मॅडम, माझे दहा रुपये गेले की." ते दहा रुपये कुठे गेले हे शोधताना त्याला कळलं की सूट वजा करायची नसते, परत मिळते. उणेचं उणे अधिक होतं हे त्याला नियम म्हणून पाठ होतंच. ते खरं का आहे ते त्या दिवशी कळलं. या सगळ्याला नऊ मिनिटं लागली.

"एका मुलावर नऊ मिनिटं, ३८ जणांचं कसं करू?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. करायची गरज नाही. एक चूक एकट्याची कधीच नसते. त्याला विचारून, नाव न सांगता, मी दुसऱ्या दिवशी तीच ओळ फळ्यावर लिहिली आणि म्हटलं, "ही ओळ एका विचार करणाऱ्या मुलाने लिहिली आहे. त्याने असा का विचार केला असेल?" बरोबर उत्तर विचारलं नाही. चॅटमध्ये त्या संध्याकाळी जितके मेसेज आले तितके मी एरवी आठवड्यात पाहत नाही. आठ-नऊ मुलांनी खासगीत लिहिलं की आपणही असंच करतो.

या पिढीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२०-२१ मध्ये जी मुलं पाचवी-सहावीत होती ती २०२४ नंतर दहावीला येऊ लागली. अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या व्हायच्या त्याच वर्षांत त्यांच्या शाळा बंद होत्या. २०२१ ला तर दहावीची परीक्षाच रद्द झाली होती, बाकीच्या इयत्तांचं काय सांगावं. दहावीच्या मुलाला १/२ + १/३ येत नसेल तर "एवढंही येत नाही?" हे वाक्य अन्यायाचं आहे. त्याला ते शिकवायलाच कुणी समोर नव्हतं.

आता शांततेबद्दल. तुम्ही लिहिलंय की प्रश्न विचारला की कुणी बोलत नाही, मग तुम्हीच उत्तर देता. किती वेळ थांबता ते एकदा रेकॉर्डिंग लावून मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गाचं झालं. ऑनलाइनमध्ये आवाज उशिरा पोचतो, मूल वहीत बघतं, मग माइकचं बटण शोधतं आणि त्याआधी मागे कुणी भांडत नाही ना हे बघतं. मी प्रश्न विचारला की मनात १७ चा पाढा म्हणते. तो संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या आठवड्यात ही शांतता अंगावर येते. पण मुलांना हळूहळू कळतं की या बाई खरंच वाट बघतायत.

"समजलं का?" हा प्रश्न मी सोडून दिला. त्याचं एकच सोयीचं उत्तर आहे आणि ते मुलांनी तुम्हाला दिलंय. त्याऐवजी म्हणते, "उत्तर नको, फक्त पहिली ओळ लिहून पाठवा, मला एकटीला." पहिल्या ओळीत कुणाचीच लाज जात नाही, आणि मला मात्र ३० वह्यांची पहिली ओळ दिसते. गेलेल्या चार मिनिटांतलं निदान एक मिनिट परत मिळतं.

ऐकण्याच्या घोटाळ्याचंही एक सांगते, कारण त्यावरून मी एका मुलीला विनाकारण बोलले होते. मी उदाहरणात "एकोणसाठ" म्हटलं, तिने ६९ लिहिलं. मला वाटलं लक्ष नाही. नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर नेटवर्कने शब्दाचा शेवटच गिळला होता. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, नुसतं "एकोणस" ऐकू आलं तर मुलाने काय करावं? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की आपले संख्याशब्द लहान मुलांना खरंच अवघड जातात. तेव्हा मला ते फारसं पटलं नव्हतं. मोबाइलवर शिकवायला लागल्यावर पटलं. आता मी प्रत्येक संख्या दोनदा म्हणते: "एकोणसाठ, पाच नऊ." हीसुद्धा मुलांची काळजीच आहे. तिला गोड आवाज लागत नाही.

कॅमेऱ्याचं माझं मत स्पष्ट आहे: चेहरा दाखवायची सक्ती करू नका. एका खोलीचं घर, मागे आजारी आजोबा, वाळत घातलेले कपडे, संपत आलेला डेटा, यातलं काहीही कारण असू शकतं आणि ते सांगायला मुलाला भाग पाडणं बरं नाही. मुलींच्या बाबतीत तर घरच्यांचा आक्षेपही असतो. पण मला वही हवी असते. म्हणून मी मुलांना एक जुगाड शिकवलाय: स्टीलचे दोन डबे, त्यावर पट्टी, पट्टीवर फोन असा ठेवायचा की कॅमेरा खाली वहीकडे. "चेहरा नको, वही दाखव." यात मुलाचं घर झाकलेलं राहतं आणि मला हात चालताना दिसतो. हात कुठे थांबतो, काय खोडतो, हे दिसणं लाखमोलाचं आहे. सगळ्यांना रोज जमत नाही. रोज चार जणांची पाळी लावली तरी पुरे.

शब्दांबद्दल दोनच गोष्टी. "सोपं आहे" म्हणायचं मी बंद केलं. आपण धीर द्यायला म्हणतो. मुलाला ऐकू येतं की हे सोपं आहे आणि तरी तुला येत नाही. त्यापेक्षा "ही ओळ नवीन माणसाला अडवतेच, इथे हळू जाऊ" हे खरंही आहे आणि धीराचंही. दुसरं म्हणजे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मी अहो-जाहो करते. माझ्या वर्गात २९ वर्षांच्या एक बाई आहेत. दोन मुलांची आई, दहावी राहिली ती आता करतायत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम, मला अगं म्हणा, मी तुमची विद्यार्थिनीच." मी म्हटलं, "गणितात तुम्ही विद्यार्थिनी, बाकी तुम्ही घर चालवता." त्या आता भिशीचा हिशोब वहीत मांडून वर्गात आणतात आणि अंकगणिती श्रेढीत त्यांची उदाहरणं माझ्यापेक्षा चांगली असतात.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. एक, तुमचं गणित पक्कं हवं. मुलाने वेगळ्या वाटेने उदाहरण सोडवलं आणि ती वाट बरोबर आहे की नाही हे शिक्षकाला पटकन कळलं नाही, तर तो चिडतो किंवा "पुस्तकाप्रमाणेच कर" म्हणतो. बऱ्याचदा आपला कठोरपणा आपल्याच अस्थिरतेतून येतो. हे मी माझ्याबद्दलही म्हणते: भूमितीच्या रचना शिकवताना मी जास्त चिडायचे, कारण स्क्रीनवर कंपास नीट कसा दाखवायचा हे मलाच जमत नव्हतं. ते शिकले, चिडचिड गेली.

दोन, मुलांची संख्या. ३८ पर्यंत हे जमतं, ८० असतील तर जमणार नाही. तेव्हा चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटात चूक बघणारा एक मुलगा-मुलगी ठेवावी लागते, आणि चूक बघताना काय बोलायचं नाही हे त्यांना आधी शिकवावं लागतं. तीन, फोन आणि नेटवर्क. ज्या घरात फोन रात्री नऊनंतरच मिळतो तिथे तुमचं वागणं देवासारखं असलं तरी सहाच्या वर्गाला ते मूल येऊ शकत नाही. त्याला उशिरा वही पाठवायची मुभा देणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ती मुभा न मागता द्यावी. चार, वेळ. पहिल्या महिन्यात गुण वाढलेले दिसणार नाहीत. उलट चुका वाढल्यासारख्या दिसतील, कारण लपलेल्या बाहेर येऊ लागतात. वरिष्ठांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते म्हणतील, बघा, ढील दिली आणि बिघडलं.

माणुसकी म्हणजे ढील, असं मी मुळीच म्हणत नाही. माझ्या वर्गात रोज एक पान सोडवून पाठवायचंच असतं, ताप असला तर कळवायचं, पण गाळायचं नाही. फरक इतकाच की पान अर्धं असलं तरी चालतं, कोरं चालत नाही. अर्ध्या पानावर मी कधी लाल फुली मारत नाही. जिथे थांबलंय तिथे एक छोटी रेघ ओढते आणि बाजूला प्रश्न लिहिते. मुलाची दया येऊन त्याला सोपी उदाहरणं देत राहणं, पटकन उत्तर सांगून टाकणं, हा मला अपमानच वाटतो. त्याचा अर्थ मुलाला बरोबर कळतो: बाईंनी माझी आशा सोडली.

नेल नॉडिंग्ज नावाच्या अमेरिकी शिक्षणतत्त्वज्ञ होऊन गेल्या. तत्त्वज्ञानाकडे वळण्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचं म्हणणं असं की काळजी करणाऱ्याला आपण काळजी करतोय असं वाटून भागत नाही, ज्याची काळजी करतो त्याच्यापर्यंत ती पोचली आणि त्याने तशी दाद दिली तरच ती पुरी झाली. वर्गात ही दाद डोळ्यांत दिसते. ऑनलाइन ती कुठे बघायची, हे मला बराच काळ कळत नव्हतं. आता मी एक साधी गोष्ट मोजते: आठवड्यात किती अर्धवट किंवा खोडलेली पानं माझ्याकडे आपणहून आली. सगळी पानं स्वच्छ, पूर्ण आणि बरोबर येत असतील तर मी अस्वस्थ होते. खाडाखोडीची पानं वाढायला लागली की समजते, पोचतंय.

आतापर्यंतचं एकत्र करून तुमच्या पुढच्या वर्गासाठी एवढंच सुचवते. सुरुवातीला नवीन धडा काढू नका. मुलांना सांगा की आजपासून कुणाचेही गुण ग्रुपवर येणार नाहीत, आणि चाचणीचे जुने मेसेज त्यांच्यासमोर पुसून टाका. मग १०० − (४० − ५) फळ्यावर लिहा आणि पहिली ओळ तुम्हाला एकटीला पाठवायला सांगा. १७ चा पाढा संपेपर्यंत थांबा. ३८ पैकी पाच-सहा जणांचीच ओळ आली तरी त्या पाच-सहांना त्याच रात्री उत्तर द्या, प्रत्येकाला वेगळं, त्याच्या ओळीबद्दल. दुसऱ्या दिवशी किती येतात ते मला इथे जरूर कळवा. कुणाचा अंगठा दिसला तर तेही सांगा, पुढे काय करायचं ते आपण मिळून ठरवू.